लहान मोटारीला मोठें एंजिन

मुंबईहून नाशिकास येतांना कसाऱ्याच्या घाटांत चार माणसांनीं भरलेली लहान मोटार धापा टाकूं लागते. तेव्हां हिला मोठें एंजिन बसवितां आलें तर काय बहार होईल, असें आम्हां मुलांस वाटतें. १९८३ सालीं निघालेल्या मारुती ८०० गाडीचें एंजिन ७९६ घन सेंटिमीटरचें. त्याच कंपनीच्या एस्टीमचें १२९८ चें. मग अदलाबदल कां करूं नये?

टांग्याला दांडगा घोडा जुंपला, तरी चाकें, आंस व लगाम जुनींच राहतात. मोटारीचेंही तसेंच आहे. एंजिन जड झालें कीं पुढील स्प्रिंगांवरील भार वाढतो. वाढलेला जोर क्लच, गिअरपेटी व चाकें फिरविणारे दांडे यांस सोसावा लागतो. उष्णता वाढल्यामुळें रेडिएटरही मोठा लागतो. सर्वांत महत्त्वाचा ब्रेक. वेग दुप्पट झाला कीं गाडीची गतिज ऊर्जा चौपट होते, व थांबतांना ती मुख्यतः ब्रेकांनाच जिरवावी लागते. म्हणून घाट चढण्यापेक्षां उतरतांना भय अधिक.

मुंबईच्या प्रीमियर कंपनीनें १९८५ सालीं ११८ एन.ई. गाडींत निसानचें ११७१ घन सेंटिमीटरचें एंजिन घातलें. पण त्यासोबत गिअरपेटीही निसानचीच घेतली, आणि गाडीचा सांगाडा पद्मिनीहून निराळा ठेवला. एकट्या एंजिनावर भागलें नाहीं.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मूळ रचनेशीं विसंगत फेरफारास सामान्यतः मनाई करतें. सर्वोच्च न्यायालयानेंही २०१९ सालीं तेंच बजावलें.

तेव्हां, बालमित्रहो, गाडी किती धांवेल हें विचारण्यापूर्वीं ती वेळेवर थांबेल काय, हें आपण विचारूं या.