मिरचीतील विषाणूरोग : ‘पेरेनियल’ वाणाने दिलेला प्रतिकाराचा धडा

मिरचीच्या बुरशीजन्य रोगांवर फवारणीचा उपाय असतो. विषाणूरोगांवर तो नसतो. एकदा विषाणू झाडाच्या पेशीत शिरला की त्या झाडाला निरोगी करणारे कोणतेही औषध उपलब्ध नाही. म्हणूनच मिरचीतील विषाणूंशी लढा मुख्यतः बियाण्यात आणि रोपवाटिकेत जिंकावा लागतो. या लढ्याचा एक महत्त्वाचा अध्याय चंदीगडपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात लिहिला गेला.

लक्षणे ओळखताना

महाराष्ट्रात ‘चुरडा-मुरडा’ किंवा ‘बोकड्या’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या कारणांची लक्षणे येतात. फुलकिड्यांमुळे पानांच्या कडा वरच्या बाजूस वळतात. कोळ्यांमुळे त्या खाली वळतात आणि पाने लांबट, अरुंद होतात. पांढऱ्या माशीद्वारे पसरणाऱ्या लीफ कर्ल विषाणूमुळे मात्र पाने आखडतात, शिरा जाड होतात, पेरे आखूड राहतात आणि झाड खुजे होऊन फळधारणा थांबते. कारण न ओळखता केलेली फवारणी खर्च वाढविते, रोग थांबवीत नाही.

काकडी मोझॅक आणि बटाटा वाय हे विषाणू माव्यामार्फत पसरतात. मावा केवळ काही सेकंद सोंड खुपसतो, तेवढ्यात विषाणूचे संक्रमण होते. कीटकनाशकाचा परिणाम होईपर्यंत काम झालेले असते. तंबाखू मोझॅक गटातील विषाणूंना तर कीटकाचीही गरज नसते. ते बियाणे, अवजारे आणि तंबाखू हाताळलेल्या हातांवरून पसरतात.

लुधियानाचा वारसा

‘पेरेनियल’ हा लहान, तिखट फळांचा भारतीय वाण. त्याच्यात अनेक विषाणूंचा प्रतिकार आढळला. लुधियानाच्या पैदासकारांनी ‘पेरेनियल’ आणि ‘लाँग रेड’ यांच्या संकरातून ‘पंजाब लाल’ हा वाण विकसित केला. तंबाखू मोझॅक, काकडी मोझॅक आणि लीफ कर्ल या तिन्ही रोगांना प्रतिकारक्षम म्हणून तो ओळखला जातो.

फ्रान्समधील संशोधकांनीही ढोबळ्या मिरचीच्या पैदाशीसाठी ‘पेरेनियल’ वापरला. देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली. फ्रान्सहून आलेल्या मिरचीतील नरवंध्यत्वाचे जनुक ‘पंजाब गुच्छेदार’ वाणात उतरवून ‘एमएस-१२’ ही मातृओळ तयार झाली आणि तिच्यापासून ‘सीएच-१’सारखे संकरित वाण मिळाले.

प्रतिकार टिकतो कशामुळे?

विषाणूजवळ स्वतःची प्रथिने बनविण्याची यंत्रणा नसते. त्यासाठी तो झाडाचीच प्रथिने वापरतो. झाडातील अशा एका प्रथिनाच्या रचनेत थोडा बदल झाला की बटाटा वाय विषाणूला ते वापरता येत नाही. जणू कुलूप बदलले आणि जुनी किल्ली निरुपयोगी ठरली. मिरचीतील ‘पीव्हीआर-२’ या जनुकाचे कार्य असेच चालते, हे फ्रेंच संशोधकांनी २००२ मध्ये दाखविले.

परंतु विषाणू सतत बदलतो आणि कधीतरी नवी किल्ली घडवितो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच संशोधनात याच जनुकाचा एक प्रकार दोन पार्श्वभूमींवर तपासण्यात आला. अन्यथा रोगाला बळी पडणाऱ्या झाडांत विषाणूने हा प्रतिकार वारंवार मोडून काढला. ‘पेरेनियल’मधून आलेल्या अंशतः प्रतिकारक जनुकांची जोड असलेल्या झाडांत मात्र तो टिकून राहिला. ही साहाय्यक जनुके विषाणूची वाढ मंदावतात. वाढ मंदावली की नवे बदल घडण्याची संधीही घटते. एकटे मोठे जनुक पुरेसे नाही, त्याला अनेक लहान जनुकांचा आधार लागतो, हा त्यातील धडा होय.

शेतकऱ्यांसाठी अर्थ

* बियाणे घेताना ‘व्हायरस-प्रतिकारक’ एवढ्यावर समाधान मानू नये. प्रतिकार नेमक्या कोणत्या विषाणूला आहे, हे विचारावे. काकडी मोझॅकला प्रतिकारक वाण लीफ कर्लला बळी पडू शकतो.
* सहनशील वाणातही विषाणू वाढू शकतो. असे झाड उत्पादन देते, पण शेजारच्या पिकासाठी रोगाचा स्रोत ठरते.
* रोपवाटिका बारीक छिद्रांच्या नायलॉन जाळीखाली घ्यावी. लागवडीपूर्वी शेताभोवती मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी वाढवाव्यात.
* चंदेरी आच्छादन आणि पिवळे चिकट सापळे वापरावेत. पहिली रोगट झाडे दिसताच उपटून नष्ट करावीत.
* रोपे हाताळण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. शेतात तंबाखूचे सेवन टाळावे.

बाजारात दुर्लक्षित राहिलेल्या लहान फळांच्या एका वाणाने दोन देशांच्या पैदास कार्यक्रमांना दिशा दिली. गावोगावच्या स्थानिक मिरच्यांतही असे गुण दडलेले असू शकतात. विषाणूग्रस्त शेतात एखादे झाड हिरवे, निरोगी उभे दिसले, तर त्याचे बी वेगळे राखावे आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रास कळवावे.