वाढते कुटुंब आणि सरकारी घराचे माप

शहरांतील घरांच्या प्रश्नाची चर्चा होते ती बहुधा बेघरांच्या संदर्भात, आणि ते योग्यच आहे. परंतु या प्रश्नाला आणखी एक अंग आहे व त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ज्यांना घर आहे पण ते पुरत नाही, अशा कुटुंबांचे हे अंग होय. लग्नानंतर घेतलेली एक खोली व स्वयंपाकघर दोघांना पुरेसे असते. पुढे मुले होतात, ती अभ्यासाच्या वयाची होतात, गावाकडे एकटे राहणे आईवडिलांना झेपेनासे होते, आणि मग त्याच जागेत तीन पिढ्यांचे अंथरूण पडू लागते. शिक्षक, कारकून अशा नोकरदारांच्या घरांत हे चित्र नित्याचे आहे. सरकारी गृहयोजनांच्या आधाराने मोठे घर घेता येईल काय, हा त्यांचा प्रश्न म्हणूनच रास्त ठरतो.

कागदावर पाहिले तर उत्तर होकारार्थी वाटते. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत मध्यम उत्पन्न गटाला २०१७ पासून कर्जाच्या व्याजावर अनुदान मिळू लागले. आरंभी या गटाच्या दोन वर्गांसाठी घराची कमाल मर्यादा ९० आणि ११० चौरस मीटर चटई क्षेत्र अशी होती. ती त्याच वर्षी १२० व १५० पर्यंत आणि २०१८ मध्ये १६० व २०० चौरस मीटरपर्यंत वाढविण्यात आली. दीड वर्षात घर जवळजवळ दुप्पट झाले! मात्र ज्या कर्जावर अनुदान मिळावयाचे, ती रक्कम पूर्वीप्रमाणेच ९ लाख व १२ लाख राहिली. माप वाढले, मदत वाढली नाही. मध्यम गटासाठीची ही सवलत मार्च २०२१ मध्ये संपली.

१ सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या योजनेच्या दुसऱ्या पर्वात हीच विसंगती वेगळ्या रूपाने दिसते. वार्षिक ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला १२० चौरस मीटरपर्यंतचे घर घेता येते. परंतु घराची किंमत ३५ लाखांच्या व कर्ज २५ लाखांच्या आत असले पाहिजे. अनुदान मिळते ते कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर, चार टक्के दराने, बारा वर्षांच्या मुदतीपर्यंत. त्याची कमाल रक्कम १ लाख ८० हजार असून ती पाच वार्षिक हप्त्यांत मिळते. हप्ता जमा होताना कर्ज चालू असावे आणि निम्म्याहून अधिक मुद्दल बाकी असावे, अशीही अट आहे. पोटाला चिमटा घेऊन कर्ज लवकर फेडणाऱ्याने ही अट आधी वाचावी हे बरे.

या आकड्यांचा अर्थ साध्या गणिताने उलगडतो. १२० चौरस मीटर म्हणजे सुमारे १,२९० चौरस फूट. एवढे घर ३५ लाखांत बसवावयाचे तर दर चौरस फुटाला २,७०० रुपयांच्या आसपास पडला पाहिजे. मुंबई, ठाणे, पुणे येथे या दराने घर मिळण्याची गोष्ट दूरच राहिली. उलट, दर १०,००० रुपये धरला तर ३५ लाखांत साडेतीनशे चौरस फूट जागा येते, आणि १ लाख ८० हजारांचे अनुदान १८ चौरस फुटांची किंमत भरून काढते. सहा फूट लांब व तीन फूट रुंद अशी एक खाट तेवढ्या जागेत मावेल. शिवाय ३५ लाखांच्या घराला कर्ज २५ लाखांचे म्हटल्यावर उरलेले १० लाख पदरचेच घालावे लागणार.

पैशांपेक्षाही मोठी अडचण कुटुंबाच्या व्याख्येची आहे. योजनेच्या दृष्टीने कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुले. वृद्ध आईवडील त्यात येत नाहीत. याचा एक लाभ असा की, वडिलांच्या नावावरील गावचे घर मुलाच्या अर्जाच्या आड येत नाही. पण ज्यांच्यासाठी जादा खोली हवी, त्यांचीच गणना होत नाही हेही तितकेच खरे. त्यात, या कुटुंबातील कोणाच्याही नावे देशात कोठेही पक्के घर असता कामा नये. पूर्वी एखाद्या सरकारी योजनेतून घर मिळाले असेल, तर वीस वर्षे पुन्हा लाभ नाही. म्हणजे लहान घर विकून त्यात भर घालून मोठे घेऊ पाहणारा दाराबाहेरच राहतो. पती शिक्षक व पत्नी कारकून असेल, तर दोघांचे वेतन मिळून ९ लाखांची मर्यादा सहज ओलांडली जाते. बँकेच्या दारात जे दुहेरी उत्पन्न बळ ठरते, तेच योजनेच्या दारात अडसर होते.

तरीही काही वाटा मोकळ्या आहेत. नव्या योजनेतील अनुदान नव्या सदनिकेप्रमाणेच जुने घर विकत घेण्यासाठी व स्वतः बांधण्यासाठीही मिळते. तालुक्याच्या गावी बेताच्या भावाची जागा हाताशी असलेल्याला, ३५ लाखांच्या मर्यादेत प्रशस्त घर उभारणे अशक्य नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना घरबांधणी अग्रिमाचा आधार आहे. २०१७ च्या नियमांनुसार नव्या घरासाठी ३४ महिन्यांचे मूळ वेतन, कमाल २५ लाख, आणि असलेले घर वाढविण्यासाठी कमाल १० लाख मिळू शकतात. पती-पत्नी दोघेही केंद्राच्या सेवेत असल्यास दोघांनाही तो घेता येतो. प्रथम मुद्दल १८० हप्त्यांत व नंतर व्याज ६० हप्त्यांत फेडावयाचे असते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नावे घेतलेल्या घराला मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. ३५ लाखांवर ती ३५ हजार होते, आणि तिला उत्पन्नाची मर्यादा नाही. मात्र पतीचे नाव जोडले की ही सूट जाते.

घर पाहतानाही भूल पडू देऊ नये. भाव विचारावयाचा तो चटई क्षेत्राचा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने त्याची व्याख्या निश्चित केली आहे. बाहेरच्या भिंती व सज्जा त्यात मोजले जात नाहीत. जाहिरातीतील ऐसपैस आकड्यावर खोल्यांचा हिशेब मांडणाऱ्याची निराशा ठरलेली.

प्रश्न उरतो तो धोरणाचा. मर्यादित निधी प्रथम बेघरांकडे जावा, याबद्दल दुमत नाही. परंतु २०१५ च्या योजनेत २१ चौरस मीटरहून लहान पक्के घर असलेल्या दुर्बल कुटुंबाला ते ३० चौरस मीटरपर्यंत वाढविण्यासाठी साहाय्य देण्याची तरतूद होती. घर असूनही गरज असू शकते, हे तत्त्व सरकारने तेव्हाच मान्य केले होते. ते दोन पावले पुढे नेण्यास हरकत नसावी. घराची गरज दरडोई जागेवरून ठरवावी, आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांना कुटुंबात मोजावे. लहान घर विकून येणारी संपूर्ण रक्कम मोठ्या घरात घालणाऱ्याला व्याजाची सवलत द्यावी. त्याने सोडलेले लहान घर दुसऱ्या गरजूच्याच उपयोगी पडेल.

नुसते चौरस मीटर वाढवून घर मोठे होत नाही. घरात माणसे किती, हा प्रश्न अर्जाच्या नमुन्यात जोवर गौण राहील, तोवर म्हाताऱ्या आईची खाट स्वयंपाकघरातच राहणार आहे.