उरलेली लोकर वापरा, पण आधी ती ओळखा

ज्या घरात विणकाम होतं त्या घरात एक पिशवी असतेच. कपाटाच्या वरच्या खणात, नाहीतर पलंगाखालच्या पेटीत. स्वेटर झाला की उरलेला अर्धा गुंडा त्यात जातो, टोपी झाली की चार हात दोरा जातो, ताटावरचा जाळीचा रुमाल झाला की क्रोशाच्या सुताचं उरलेलं रीळ जातं. पैसे मोजलेले असतात म्हणून टाकवत नाही. वापरायला घ्यावं तर कशालाच पुरत नाही. अशी वर्षं जातात आणि पिशवी फुगत राहते.

आमच्या घरी अशी पिशवी दादीची होती. तिच्या इंतिकालानंतर ती आमच्याकडे आली. त्यात मरून, हिरवे, राखाडी, पांढरे असे लहान-मोठे गुंडे होते; काही तर आमच्याच लहानपणीच्या स्वेटरांचे. घरात नवं बाळ येणार होतं. आम्ही ठरवलं, या सगळ्याची मिळून एक चादर विणायची, म्हणजे दादीची आठवण बाळाच्या अंगावर राहील. दोन महिने आम्ही तिघीजणी आळीपाळीने विणत होतो. चादर छान झाली. मग बाळाला द्यायच्या आधी धुवायची म्हणून मशीनमध्ये गरम पाण्यात टाकली. बाहेर काढली तेव्हा मरून पट्टे आकसून पुठ्ठ्यासारखे कडक झाले होते, मधले पट्टे फुगून लोंबत होते आणि पांढऱ्यावर हिरवा रंग उतरला होता. ती चादर पुन्हा सरळ झाली नाही.

चूक लोकरीची नव्हती, आमची होती. आम्ही रंग बघून विणलं, दोरा बघितलाच नाही. भिवंडी, मालेगावसारख्या यंत्रमागाच्या गावांतल्या घरांना सुताची किंमत वेगळी सांगायला नको. पण लोकर वाचवायची म्हणजे नुसती साठवायची नाही. ती ओळखायची, मोजायची आणि मग विणायची. हे तीन टप्पे आम्ही नुकसान करून शिकलो, तुम्ही तसेच वाचून शिका.

दोरा कशाचा आहे?

आपल्याकडे "लोकर" म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा लोकर नसतंच, ॲक्रिलिक असतं. खरी लोकर मेंढीची. क्रोशाचं सूत कापसाचं. हे तिन्ही दोरे पाण्यात आणि आगीजवळ वेगवेगळे वागतात.

मेंढीच्या लोकरीच्या प्रत्येक केसावर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासणं एकत्र आलं की ते खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आकसतं. एकदा आकसलं की परत सुटत नाही. आमचे मरून पट्टे असेच गेले. ॲक्रिलिक आकसत नाही, पण तापलं की वितळतं. कापूस धुवायला सोपा, घाम टिपतो, पण फार ताणला जात नाही.

गुंड्यावरची कागदी पट्टी असेल तर काम सोपं, त्यावर सगळं लिहिलेलं असतं. पट्टी नसेल तर जाळून बघता येतं. हे काम घरातल्या मोठ्यांनीच करायचं, मुलांना लांब ठेवून. बोटभर दोरा चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा, बाजूला पाणी ठेवा आणि टोकाला ज्योत लावा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरगळली तर खरी लोकर. कागद जळाल्यासारखा वास आणि मऊ राखाडी राख असेल तर कापूस. दोरा वितळून काळी, कडक गोळी झाली तर ॲक्रिलिक किंवा तसाच दुसरा कारखान्यातला दोरा. गोळी गार होईपर्यंत हात लावू नका, चटका बसतो.

आता तीन पिशव्या करा: लोकर, कापूस, ॲक्रिलिक. एका वस्तूत एकाच पिशवीतला दोरा वापरायचा. एवढा एक नियम पाळला तरी निम्मी नुकसानी टळते.

गडद रंगांची आणखी एक परीक्षा आहे. दोऱ्याचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा. फडक्यावर रंग आला तर तो दोरा पांढऱ्याच्या शेजारी विणायचा नाही.

जाडी कशी जुळवायची?

दोन पदरी आणि चार पदरी दोरा एकाच चौकोनात आले की चौकोन वाकडा होतो. पदर मोजता येत नसतील तर पेन्सिल घ्या. दोरा न ताणता, वेढ्याला वेढा चिकटवून एक इंच भरेपर्यंत गुंडाळा आणि वेढे मोजा. ज्या दोऱ्यांचे वेढे सारखे, ते दोरे एकत्र चालतात. बारीक दोरे जास्त असतील तर दोन-दोन एकत्र धरून विणा. दोन वेगळे रंग एकत्र धरले तर कापड ठिपकेदार, छान दिसतं. फक्त आधी तळहाताएवढा नमुना विणून बघा.

पुरेल की नाही?

अर्ध्यात दोरा संपणं ही उरलेल्या लोकरीची सगळ्यात मोठी डोकेदुखी. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा इथे कामाला येतो. समजा, पट्टीवर ५० ग्रॅममध्ये १०० मीटर असं लिहिलंय आणि तुमच्याकडे १८ ग्रॅम उरलंय. म्हणजे ३६ मीटर आहे. पट्टी नसेल तर पहिला चौकोन विणून त्याचंच वजन करा. चौकोन ६ ग्रॅमचा भरला तर १८ ग्रॅममध्ये असे तीनच होतील, तेही टोकं सोडायची असल्यामुळे जेमतेम.

वजनकाटा नसेल तर अम्मी करायची ती युक्ती करा. उरलेला दोरा मधोमध दुमडा आणि त्या जागी एक सैल गाठ मारा. आता एक ओळ विणा. गाठ लागायच्या आत ओळ पूर्ण झाली तर दुसरी ओळ निघेल. गाठ आधीच आली तर ही शेवटची ओळ, इथेच रंग बदला.

कशाचं काय करायचं?

कापसाचं सूत उरलं असेल तर मुलांसाठी क्रोशाच्या टोप्या करा. रमजानच्या आधी महिनाभर सुरुवात केली तर तरावीहला जाणाऱ्या घरातल्या सगळ्या मुलांच्या होतात. हिशेब सोपा आहे. पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६, असे दर फेरीला १२ वाढवत गेलात की गोल सपाट राहतो. गोल वाटीसारखा वळायला लागला तर वाढ कमी पडतेय, झालर पडायला लागली तर जास्त होतेय. डोक्याचा घेर मोजा आणि ३.१४ ने भागा. घेर ५४ सेंटीमीटर असेल तर उत्तर साधारण १७ येतं. टोपी ताणली जाते म्हणून गोल १६ सेंटीमीटरचा झाला की वाढवणं थांबवा आणि पुढे न वाढवता खाली उतरा. मधला गोल पांढरा आणि काठाच्या दोन-तीन फेऱ्या उरलेल्या रंगांच्या केल्या तर प्रत्येक मुलाला आपली टोपी ओळखू येते. भांडणं मिटतात.

स्वयंपाकघरातही कापूसच वापरा. गरम पातेलं उतरवायच्या फडक्यात ॲक्रिलिक अजिबात नको. ते वितळून हाताला चिकटू शकतं. दिसायला सुंदर म्हणून कुणी भेट दिलं असेल तरी चुलीपासून लांब ठेवा.

मऊ ॲक्रिलिक उरलं असेल तर नवजात बाळाच्या टोप्या होतात. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटीमीटर असतो, विणलेली टोपी त्याहून थोडी लहान ठेवायची. गोंडा, मणी, बटण, नाडी काहीही लावायचं नाही. मोठ्या भोकांची जाळीही नको, बाळाची बोटं अडकतात. घरात ऊब असेल तेव्हा झोपलेल्या बाळाची टोपी काढून ठेवावी. कमी वजनाच्या बाळाबाबत डॉक्टर सांगतील तसं करावं. इस्पितळात द्यायच्या असतील तर आधी विचारून घ्या आणि धुऊनच द्या.

थोडे-थोडे पुष्कळ रंग असतील तर चौकोनांची चादर करा. प्रत्येक चौकोनाची शेवटची फेरी एकाच रंगाची ठेवा, काळी किंवा पांढरी. तेवढा एक रंग विकत आणावा लागला तरी आणा. त्यामुळे मधले रंग कसेही आले तरी चादर एकसंध दिसते. ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटातल्या बायकांनी ११,१४८.५ चौरस मीटरची क्रोशाची चादर जोडून गिनीज विक्रम केला होता. तिथेही रीत हीच होती: प्रत्येकीने आपल्या घरी तुकडे विणायचे आणि शेवटी सगळे जोडायचे. आपल्या घरातही खाला, भाभी, मुली मिळून हे करता येतं. फक्त चौकोनाचं माप आणि सुईचा नंबर आधी ठरवून घ्या.

टोकं आणि गाठी

रंग जितके जास्त तितकी टोकं जास्त. नवा दोरा जोडताना दोन्हीकडे वीतभर टोक सोडा आणि मोठ्या नाकाच्या सुईने ते आतल्या बाजूने आधी एका दिशेला, मग उलट दिशेला ओवा. एकाच दिशेला ओवलेलं टोक धुण्यात सुटून येतं. खऱ्या लोकरीची दोन टोकं थोडी ओली करून तळहातांवर जोरात चोळली की ती एकमेकांत मिसळून एकच दोरा होतो. ॲक्रिलिकमध्ये हे होत नाही. कापलेले बारीक तुकडे टाचण्या टोचायच्या उशीत भरा.

जुना स्वेटर उसवताना

स्वेटर उसवण्याआधी आतली शिवण बघा. कडा कापून मशीनने शिवलेल्या असतील तर उसवू नका, ओळीएवढेच तुकडे हाती येतील. हाताने विणलेला असेल तर शिवणी सोडवा आणि जिथे टाके बंद केले तिथून, म्हणजे बहुधा गळ्याकडून, सुरुवात करा. दोरा खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि सावलीत टांगून वाळवा. वळ्या बऱ्याचशा जातात.

ठेवताना दोरा धुऊन, पूर्ण वाळवून कापडी पिशवीत ठेवा. कोकणातल्या पावसात प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि खऱ्या लोकरीला कसर लागते. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी टाका: दोरा कशाचा, किती ग्रॅम, कोणत्या कामातून उरला.

दादीच्या पिशवीत अशी चिठ्ठी नव्हती. तिला गरज नव्हती, तिला बोट लावलं की कळायचं. आम्हाला तिने शिकवलंही असतं, आम्ही कधी विचारलं नाही. तुमच्या घरात अशी दादी किंवा नानी असेल तर या शुक्रवारी पिशवी तिच्यासमोर उघडा आणि एकेक गुंडा विचारून घ्या.

आमच्या चादरीचं शेवटी एवढं झालं. आकसलेली लोकर कापली तरी उसवत नाही. म्हणून मरून पट्टे कापून काढले, दोन-दोन थर एकत्र शिवले आणि चहाच्या गरम पातेल्याखाली ठेवायच्या चार चकत्या केल्या. रोज संध्याकाळी त्या ओट्यावर असतात. बाळासाठी नवी चादर विणायला घेतली आहे, या वेळी सगळा दोरा एकाच पिशवीतला.