विल्डमार्क्सव्हेगन: रेनडिअरच्या मुलखातला रस्ता

स्वीडनला उन्हाळ्यात जाणार असाल तर स्टॉकहोमवर भागवू नका. उत्तरेत स्ट्रॉमसुंडहून विल्हेल्मिनाकडे जाणारा विल्डमार्क्सव्हेगन स्टेकेनयोक पठारावर ८७६ मीटरपर्यंत चढतो. तांबे-जस्ताच्या खाणीपायी हा वरचा रस्ता झाला. खाण १९८८ साली बंद पडली, रस्ता राहिला! हिवाळाभर तो बंद असतो. जूनमध्ये उघडतो तेव्हा कडेला बर्फाच्या उंच भिंती. मधेच रेनडिअर ठाण मांडतात. हॉर्न मारू नका, ती मोकाट दिसली तरी इथल्या मूळनिवासी सामी पशुपालकांच्या मालकीची असतात.

निवांत थांबावं ते वाटेतल्या फाटमोमाक्केला. हे सामींचं जुनं चर्चगाव, म्हणजे चर्चसाठी लांबून येणाऱ्यांच्या मुक्कामाची वस्ती. निमुळत्या लाकडी झोपड्यांत मधोमध चूल, धुराला वर भोक, खाली बर्चच्या डहाळ्या अंथरून त्यावर रेनडिअरचं कातडं. चुलीमागची जागा पूर्वी पवित्र मानत.

लोककथांत इथे ‘वित्रा’ भेटतात: जमिनीखाली गुरंढोरं पाळून राहणारे अदृश्य लोक. उकळतं पाणी अंगणात ओतण्याआधी त्यांना हाक द्यायची. त्यांच्या वाटेवर घर बांधलंत तर झोप विसरा, घरच हलवावं लागतं! (बिल्डरांनी नोंद घ्यावी.)

पेट्रोल आधीच भरून घ्या, पंप लांब लांब आहेत. आणि डासांचं मलम विसरू नका.