व्हर्च्युअल मॅरेथॉन : वेळ आपली, रस्ता आपला, पाणी आणि ॲम्ब्युलन्सची सोयही आपलीच

वालीव (ता. वसई) : वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात कंपन्यांमध्ये रात्रपाळी करणारे पुष्कळ. रविवारी पहाटे मॅरेथॉनला उभं राहायचं तर शनिवारची पाळी बुडते. अशांना व्हर्च्युअल मॅरेथॉन सोयीची वाटते. ऑनलाईन नाव नोंदवायचं, फी भरायची, दिलेल्या मुदतीत आपल्याच रस्त्यावर अंतर पूर्ण करायचं आणि मोबाईलमधली नोंद आयोजकांना पाठवायची. सर्टिफिकेट मोबाईलवर मिळतं, मेडल बहुतेक वेळा कुरिअरने येतं.

हा प्रकार कोरोनाच्या आधीही होता, पण घरोघरी पोहोचला तो २०२० मध्ये. वसई-विरारची मॅरेथॉन २०११ पासून होते. डिसेंबर २०१९ नंतर ती थेट डिसेंबर २०२२ मध्ये झाली. मुंबई मॅरेथॉनही २०२१ आणि २०२२ ला झाली नाही, ती १५ जानेवारी २०२३ ला परतली. दिल्ली हाफ मॅरेथॉनने नोव्हेंबर २०२० मध्ये नामांकित धावपटूंना रस्त्यावर धावू दिलं, बाकी हौशी लोकांना ॲपवर. लंडनमध्ये ४ ऑक्टोबर २०२० ला लोकांना ४२ किलोमीटरसाठी अख्खा दिवस दिला होता. थांबा, जेवा, परत निघा. भर पावसात जवळपास ३८ हजार जणांनी ती पूर्ण केली.

मोबाईल किती खरं सांगतो?

रस्त्यावरच्या मोठ्या स्पर्धेत अंतर आधी सायकलला मोजणी यंत्र लावून मोजतात. रस्ता चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला १ मीटर जास्तच धरतात. धावणाऱ्याच्या बिबवर चिप असते, ती वेळ नोंदवते. व्हर्च्युअलमध्ये हे सगळं काम मोबाईलचं जीपीएस करतं. त्याला निदान ४ उपग्रहांचे सिग्नल लागतात, आणि उघड्या मैदानातही काही मीटरचा फरक पडतोच. पत्र्याच्या शेडमधल्या गल्लीत किंवा पुलाखाली सिग्नल आपटून येतात आणि नकाशावरची रेघ वाकडीतिकडी होते. मग सरळ धावलेला माणूस झिगझॅग धावल्यासारखा दिसतो, अंतर फुगतं. कधी उलटही होतं.

त्याहून मोठा ताप बॅटरी सेव्हरचा. स्क्रीन बंद झाली की बरेच फोन मागे चालू असलेलं ॲप बंद करतात. धावणारा १५ किलोमीटरवर खिशातून मोबाईल काढतो, तर नोंद ११ वरच थांबलेली! म्हणून त्या ॲपपुरता बॅटरी सेव्हर आधीच बंद ठेवावा आणि आठवडाभर आधी ५ किलोमीटर धावून तपासावं. ‘ऑटो पॉझ’ चालू असेल तर थांबलेला वेळ मोजला जात नाही. तो चालतो की नाही, हे आयोजकांच्या नियमात बघावं.

रस्ता कुठला?

इथे खरा धोका आहे. स्पर्धेत रस्ता बंद असतो, पोलीस असतात, ठरावीक अंतरावर पाणी असतं. वालीवमध्ये पहाटेपासून कंटेनर आणि टेम्पो चालू. मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या कडेने कानात हेडफोन घालून धावणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यापेक्षा मैदानाच्या फेऱ्या बऱ्या. ४०० मीटरच्या ट्रॅकवर हाफ मॅरेथॉन म्हणजे जवळपास ५३ फेऱ्या. कंटाळा येतो खरा, पण पाण्याची बाटली आणि मीठ-साखर-लिंबाचं सरबत एकाच जागी ठेवता येतं. रस्त्यावरच धावायचं तर समोरून येणारी गाडी दिसेल अशी बाजू धरा, अंगात चमकदार टी-शर्ट घाला. भटक्या कुत्र्यांची टोळी कुठे असते ते आधी बघून ठेवा.

घरातलं कोणीतरी स्कूटीवर मागे असेल तर उत्तम. आपल्याकडच्या दमट हवेत चक्कर आली तर बाजूला वैद्यकीय तंबू नसतो. १०८ ला फोन करायलाही सोबत कोणीतरी हवं. रात्रपाळी संपवून झोप न घेता लगेच २१ किलोमीटरला निघू नये. छातीत दुखलं किंवा डोळ्यापुढे अंधारी आली तर तिथेच थांबावं. मुदत अजून असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धावता येतं, ही तर व्हर्च्युअलची मोठी सोय.

एकट्याने धावताना शेवटचे किलोमीटर जास्त जड जातात, असं धावणारे नेहमी सांगतात. वसईच्या मॅरेथॉनमध्ये रस्त्याकडेची माणसं टाळ्या वाजवून ओढून नेतात. मैदानात फक्त आपल्याच बुटांचा आवाज. म्हणून दोघा-तिघांनी मिळून एकाच दिवशी धावायची पद्धत पडली आहे.

फी भरण्याआधी आयोजकाचं नाव, फोन नंबर आणि मागच्या वर्षीचे निकाल बघावेत. या वेळेचा उपयोग कुठे होईल हेही विचारावं. बोस्टन मॅरेथॉनने तर व्हर्च्युअलची वेळ पात्रतेसाठी धरलीच नाही. पोलीस भरतीलाही हे सर्टिफिकेट दाखवून काही होत नाही, तिथे मैदानावरच धावावं लागतं.

आणि एक. धावल्याचा नकाशा स्टेटसला टाकतो तेव्हा घर कुठे आणि आपण किती वाजता बाहेर पडतो, हे सगळ्यांना कळतं. मुलींनी आणि बायकांनी तर हे नक्की बघावं. बऱ्याच ॲपमध्ये सुरुवातीची आणि शेवटची जागा लपवायची सोय सेटिंगमध्ये असते. नाहीतर घरापासून दोन गल्ल्या पुढे जाऊन ‘स्टार्ट’ दाबावं.