तेरची पांढर

तेरणा नदीच्या काठचं तेर भाविकांना गोरोबाकाकांमुळे ठाऊक आहे. समाधीचं दर्शन घेऊन माणसं परतीच्या वाटेला लागतात. गावालगतची मातीची टेकाडं बघायला फारसं कुणी थांबत नाही. सातवाहनकाळचं तगर नगर या टेकाडांच्याच पोटात आहे.

सगळी टेकाडं सारखी नसतात. विदर्भात जुनापाणी, माहुरझरी, नैकुंड इथली शिळावर्तुळं ही दफनांची जागा. मोठाल्या धोंड्यांचं रिंगण, आत माती-दगडांची भर आणि तिच्याखाली माणसाबरोबर ठेवलेली लोखंडी हत्यारं, काळी-तांबडी भांडी, कुठे कुठे घोडा आणि त्याचे तांब्याचे दागिने. इंग्लंडात सटन हू इथल्या सातव्या शतकातल्या टेकाडाखाली तर अख्खं जहाज पुरलेलं होतं. १९३९ साली ते उघडलं तेव्हा लाकूड कुजून गेलेलं होतं, पण लोखंडी खिळे ओळीनं जागच्या जागी होते. दफन एकदाच होतं. त्या दिवशी आत ठेवलेल्या वस्तू एकमेकींची साक्ष देतात. सटन हूचा काळ ठरवायला तिथे सापडलेली नाणी फार उपयोगी पडली.

तेरची टेकाडं वस्तीची. घर पडलं की त्याच्याच मातीवर दुसरं उभं राहिलं. चुलीची राख, फुटकी मडकी, तुटक्या बांगड्या तिथल्या तिथे गाडल्या गेल्या. शेताची काळी आणि गावठाणाची पांढरी हा फरक आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तीच पांढर उत्खननात थराथरानं उलगडत न्यायची असते. मातीचा रंग बदलला की थर बदलला. मग तिथली खापरं वेगळ्या पिशवीत जातात आणि पिशवीवर थराचा क्रमांक पडतो. हे काम चिकाटीचं. बा. ना. चापेकरांनी १९५८ साली इथे उत्खनन केलं. त्याचा अहवाल १९६९ मध्ये छापून आला.

तगरचं नाव सातासमुद्रापार गेलेलं होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरचं तगर येतं. इथलं सुती कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाई. हे तगर म्हणजे आजचं तेर, असं जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली मांडलं. कोकण आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे तर पुढे कित्येक शतकं स्वतःला तगरपुराचे अधीश्वर म्हणवून घेत राहिले. तेव्हा तगरची भरभराट सरलेली होती, पण नावाचा मान टिकून होता.

पांढरीतल्या वस्तू वाचल्या त्या मुख्यतः एका गावकऱ्यामुळे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी मणी, नाणी, मातीच्या मूर्ती, शंखाच्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. आज तेरचं शासकीय संग्रहालय त्यांच्याच नावानं आहे. त्यांच्या संग्रहातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती जगभरच्या अभ्यासकांना परिचित आहे. अंगावर दागिने ल्यालेल्या या मूर्तीची बहीण शोभावी अशी दुसरी मूर्ती इटलीत पॉम्पेईला १९३८ मध्ये मिळाली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेनं ते शहर गाडलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीची हे पक्कं. तेरच्या मूर्तीला मात्र थराचा आधार नाही. तिचा काळ सांगताना पॉम्पेईकडे बोट दाखवावं लागतं. जालना जिल्ह्यात भोकरदनला १९७३ च्या उत्खननात अशाच हस्तिदंती मूर्तीचा फक्त खालचा भाग मिळाला. ती मोडकी असली तरी मला ती फार मोलाची वाटते, कारण ती उत्खननातून आली आहे.

लामतुऱ्यांनी जपलं नसतं तर या वस्तू कुठे गेल्या असत्या, हा विचारही करवत नाही. तरीही सुटी मिळालेली वस्तू निम्मंच सांगते. गावोगावची पांढरी माती खत म्हणून शेतात जाते, घराच्या भिंतींना लागते. जाताना ती थर मोडूनच जाते. वस्तू उचलून ठेवता येते, थर पुन्हा रचता येत नाही.

तेरमधलं त्रिविक्रम मंदिर अवश्य पाहा. मागच्या बाजूला अर्धवर्तुळाकार असलेली ही विटांची वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृह असावी, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. अशी उभी वास्तू देशात फार थोड्या ठिकाणी उरली आहे. आंध्रातलं चेझर्ला हे त्यांतलं एक. तिथून पायी टेकाडांकडे जा आणि पायाखाली खापर दिसलं तर ते तिथेच राहू द्या.