दरमहा दहा टक्के येणार कुठून?

धानाचे चुकारे खात्यात आले की तुमसर असो की लाखांदूर, पैसा कुठं लावायचा हा प्रश्न निघतोच. आता त्यात क्रिप्टोचीही भर.

दोन नाण्यांची तुलना भावावरून सुरू करू नका. नवी नाणी कोण, किती आणि कोणत्या नियमानं पाडतं, ते आधी बघा. बिटकॉइनची संख्या 2.1 कोटींवर कधीच जाणार नाही. साधारण दर दहा मिनिटांनी व्यवहारांचा एक ब्लॉक जोडला जातो आणि जोडणाऱ्याला बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. खाणकामाची, म्हणजे कोडं सोडवून ब्लॉक जोडणारी यंत्रं वाढली, तर दर 2,016 ब्लॉकनंतर ते कोडं आणखी अवघड होतं आणि वेग पुन्हा तिथेच येतो. म्हणजे स्पर्धक वाढले की प्रत्येकाचा वाटा घटतो. त्यात जुलै 2016 मध्ये ब्लॉकमागचं बक्षीस 25 वरून 12.5 बिटकॉइनवर आलं.

त्याच सुमारास ‘गेनबिटकॉइन’ ही गुंतवणूक योजना 18 महिने दरमहा 10 टक्के देऊ म्हणत होती, तेही खाणकामातून! गणित बसणारच नव्हतं. पुढे बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचं टोकन लोकांच्या गळ्यात मारलं गेलं. या फसवणुकीतला मुख्य आरोपी अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी 2018 मध्ये अटक केली.

इथर या दुसऱ्या नाण्याचं तंत्र वेगळं. त्याला कमाल मर्यादा नाही आणि सप्टेंबर 2022 पासून खाणकामही नाही.

दीर्घकाळ ठेवायचं म्हणाल, तर करही मोजा: नफ्यावर 30 टक्के. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. शेअरमध्ये निदान ती सोय आहे.